बाबांची उपकारस्तुती: लेआउटच्या मैदानावर सभा घेताना

उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, सभा आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये नवी नाही. नवे घर, नोकरी, बाळ, परीक्षेचा निकाल, आजारातून उठणे, कारण काहीही असो. पाळकसाहेबांना बोलवायचे, चार गीते म्हणायची, एक स्तोत्र वाचायचे, प्रार्थना करायची, मग चहा-पोहे. नागपुरात लहानाची मोठी होताना अशा कितीतरी सभांना मी सतरंजीवर मांडी घालून बसले आहे. पण घराबाहेर, आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, उघड्या मैदानावर, माईक लावून, ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांनाही बोलावून, आणि गीते मीच पुढे उभी राहून घ्यायची, हे ठरल्यावर मात्र सुरुवात कुठून करावी ते सांगणारे कोणी भेटेना. 29 नोव्हेंबर 2025 ला, शनिवारी संध्याकाळी, ती सभा पार पडली. अर्ज, खर्च, गीतांची निवड, मनात चाललेले सगळे, जसे घडले तसे लिहिते. कोणाच्या तरी कामी येईल.

आधी कारण. फेब्रुवारीत बाबांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. दोन दिवसांत खुर्चीतून उठणे अवघड झाले, मग हात गळाले, आणि एका पहाटे श्वास पुरेना. शेजारच्या मुलाने गाडी काढली म्हणून वेळेत पोहोचलो. निदान झाले गिलेन-बारे सिंड्रोम. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा वर चढत जातो, आणि छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचला की व्हेंटिलेटर लावावा लागतो. इम्युनोग्लोब्युलिनची सलाईन पाच दिवस चालली. त्या पाच दिवसांत घरातली बचत संपली. पुढे व्हेंटिलेटर लवकर निघेना म्हणून गळ्याला छिद्र करून नळी बसवली.

अशी नळी असली की श्वास स्वरयंत्राच्या खालूनच आत-बाहेर होतो, त्यामुळे आवाज फुटत नाही. आमच्या बाबांनी आयुष्यभर चर्चमध्ये पेटीवर बसून गीते घेतली. त्या माणसाचा आवाज आणि बोटे दोन्ही एकदमच गेली. आम्ही अक्षरांचा तक्ता दाखवायचो, ते पापणी मिटून होकार द्यायचे. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी नळीवर बोलण्याची झडप लावून पाहिली. तिच्यातून हवा आत येते, पण बाहेर जाताना स्वरयंत्रातूनच जावे लागते. बाबांच्या घशातून खरखरीत, तुटका आवाज निघाला. पहिलेच वाक्य होते, “त्या पोराचे पेट्रोलचे पैसे दिले का?”

मे महिन्यात घरी आलो. नळी निघाली, जखम भरली, वॉकर आला, रोजचा व्यायाम सुरू झाला. ऑगस्टमध्ये बाबा दारापर्यंत स्वतः चालत गेले आणि त्याच संध्याकाळी म्हणाले, “आता उपकारस्तुती ठेवू. पण मैदानावर. अन् जेवण पाहिजे.”

मैदान का, ते त्यांनी नीट सांगितले. पहाटे गाडी काढणारा मुलगा, रक्त द्यायला आलेली त्याची मित्रमंडळी, महिनोन् महिने आईला डबा पोहोचवणाऱ्या काकू, घराची किल्ली सांभाळणारे मागच्या गल्लीतले काका, यांतले बरेच जण बौद्ध, बाकीचे हिंदू. चर्चमध्ये आले असते, पण संकोचले असते. शिवाय चर्चला पायऱ्या आहेत, आणि बाबांना अजून पायरी जमत नाही. जेवणाचे कारण त्यांनी थेट पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, लेवीय पुस्तकातून काढले. सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या यज्ञबळीचा नियम आहे, की त्याचे मांस त्याच दिवशी खावे, सकाळपर्यंत काही ठेवू नये. बाबांचे म्हणणे, “एका घराला एवढे संपत नाही. मग लोक बोलवावेच लागतात. देवाने बरोबर नियम केला.”

पाळकसाहेबांना आम्ही ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात भेटलो. त्यांनी लगेच हो म्हटले नाही. त्यांनी विचारले, “सभा माणसांचे आभार मानायला आहे, की देवाचे?” माझा गोंधळ उडाला, कारण मला दोन्ही हवे होते. त्यांनी पवित्र शास्त्र उघडून थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राची सुरुवात वाचली. तिथे प्रेषित पौल म्हणतो, आम्ही तुम्हा सर्वांविषयी देवाची उपकारस्तुती करतो. माणसे गाळून देवाचे आभार मानायचे नाहीत, आणि माणसांचा सत्कार करून देवाला शेवटी एका वाक्यात उरकायचेही नाही. एकेकाचे नाव घ्यायचे आणि त्या नावासाठी देवाची स्तुती करायची. शाल-श्रीफळ, हार, मंचावर खुर्च्या, हे सगळे माझ्या यादीत होते. ते तिथेच गळाले आणि सभेला आकार आला.

चर्चबाहेर मंडळीच्या नावाने सभा घ्यायची तर पास्टोरेट कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीला, लेखी कळवावे लागते. कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच असते, आणि आमचे पत्र सप्टेंबरच्या बैठकीनंतर पोहोचल्यामुळे ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. म्हणून पहिली सूचना हीच, की बैठकीची तारीख आधी विचारून घ्या. पत्रात दिवस, वेळ, जागा, कोण बोलणार आणि खर्च कोण करणार एवढे असले की पुरते. मंजुरी आल्यावर लेटरहेडवर पाळकसाहेबांच्या सहीचे पत्र मागून घ्या, ते पुढे प्रत्येक टेबलावर लागते.

तारीख ठरवताना नागपूरचे वेळापत्रक बघावे लागते. पाऊस संपेपर्यंत मैदानाचा भरवसा नाही. गणपती, नवरात्र, मग दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून येणारे लाखो लोक, या काळात पोलीस ठाण्यात कोणाला मान वर करायला फुरसत नसते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, म्हणजे पुन्हा बंदोबस्त. मधला नोव्हेंबर मोकळा. त्यातही 29 तारीख बाबांनी निवडली. 29 नोव्हेंबर 1970 ला इथल्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे एकच चर्च झाले. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे होते, आजोबांचे बोट धरून गेले होते, आणि इतक्या लोकांना एकत्र गाताना त्यांनी पहिल्यांदा ऐकले ते त्या दिवशी. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा तयारीचा काळ, सुरू होत होता. नाताळची गीते सुरू होण्याआधीचा हा शेवटचा शनिवार.

गीते निवडण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. पौल इफिसकरांना स्तोत्रे, गीते आणि आध्यात्मिक प्रबंध अशी तीन नावे घेऊन लिहितो. आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात हे तिन्ही भरपूर आहे. प्रश्न असा होता, की अर्धे लोक ही गीते पहिल्यांदाच ऐकणार. इंग्रजी चालीवरची जुनी भजने आमच्या कानांना प्रिय आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच भजनांत ओळ पुन्हा येत नाही, आणि नव्या माणसाला शेवटपर्यंत गप्प बसावे लागते. मराठी पदाचे तसे नसते. ध्रुवपद दोनदा झाले की तिसऱ्या वेळी मागे बसलेली आजीही टाळी धरते. नारायण वामन टिळकांनी ओवी, अभंग आणि पद ख्रिस्ती उपासनेत आणून मराठी मंडळ्यांवर केवढे उपकार केले आहेत, ते मला या निवडीच्या वेळी खरे कळले. आम्हा नागपूरकरांना त्यांचा आणखी एक जिव्हाळा आहे. इथून राजनांदगावला जाताना गाडीत त्यांना एक मिशनरी भेटला, त्याने वाचायला पवित्र शास्त्र दिले, आणि पुढे 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. शेवटी तीन पदे, इंग्रजी चालीवरचे एक जुने भजन आणि एक नवे गीत, एवढेच ठेवले. गीते कमी असली की कडवी गाळावी लागत नाहीत, आणि स्तुतीचा सूर लागायला वेळ मिळतो.

गीतांची छोटी पुस्तिका छापायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे, पण ती गाण्याला आहे, शब्द छापून वाटण्याला नाही. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. टिळक 1919 मध्ये वारले, त्यामुळे त्यांची पदे छापायला हरकत नव्हती. नव्या गीताच्या कवींना फोन केला. त्यांनी आनंदाने होकार दिला, तो मेसेजवर लेखी घेतला आणि पुस्तिकेत त्यांचे नाव घातले. आठ पानी पुस्तिकेच्या 150 प्रती, प्रत्येकी 12 रुपयांप्रमाणे 1,800 रुपये लागले. अक्षर मोठे ठेवा. संध्याकाळच्या दिव्यात बारीक अक्षर ज्येष्ठांना दिसत नाही.

सराव ऑक्टोबरच्या मध्यापासून आमच्या पुढच्या खोलीत सुरू झाला. पेटीवर मामा, तबल्यावर एक ओळखीचे वादक, गायला आम्ही आठ-दहा जण. मी एकटी गाताना काळी चार या पट्टीत, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या स्वराला सा धरून, गाते. पण एका पदाचे अंतरे वर चढतात, आणि तिथे पुरुष मंडळी गप्प व्हायची. मामांनी पट्टी खाली आणत आणत पांढरी चारवर थांबवली. माझा आवाज त्यात थोडा दबतो, पण सगळे शेवटपर्यंत गाऊ लागले. मंडळीसाठी गाताना हाच हिशेब बरोबर. पट्टी नक्की झाल्याशिवाय तबलजींना तारीख देऊ नका, कारण त्यांना त्या स्वराचा तबला आणावा लागतो. ठेके साधे ठेवले. भजनी आणि केरवा, एका पदाला दादरा.

याच सरावात एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. जुन्या भजनातल्या एका लांब ओळीला प्रत्येकाचा श्वास मध्येच संपायचा. मामा म्हणाले, “सगळे एकाच जागी श्वास नका घेऊ. ज्याला जिथे लागेल तिथे त्याने घ्यावा. बाकीचे गात राहतील, ओळ तुटणार नाही.” बाबा कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकत होते. दोन महिने यंत्राने त्यांच्यासाठी श्वास घेतला होता. त्या आठवड्यांत माझ्या तोंडून एक धड प्रार्थना निघत नव्हती, आणि रविवारी चर्चमध्ये मी ओठ मिटून उभी असायची. गीत मात्र चालूच राहायचे, माझ्या दोन्ही बाजूंनी. त्या ओळीत माझीही जागा धरून ठेवलेली होती.

आता सगळ्यात अवघड भाग. बाबांच्या शेजारच्या खाटेवर कामठी रोडकडच्या एका मंडळीतले गृहस्थ होते. ते मार्चमध्ये गेले. त्यांच्या पत्नीची आणि आईची वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून बसून मैत्री झाली होती. दोघींनी एकाच वहीत प्रार्थना लिहिल्या होत्या. त्यांना आमंत्रण द्यावे की नाही? दिले तर त्यांच्या जखमेवर आम्ही ढोल वाजवणार, न दिले तर त्यांना परके करणार. आई नुसती रडायची. मी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा केला, पत्रिका वाचली आणि म्हणाल्या, “येईन मी. पण गाणार नाही, बेटा. मला सध्या जमत नाही.”

मी हे पाळकसाहेबांना सांगितले. त्यांनी सभेचा क्रम बदलला. सुरुवातीला स्तुतीच्या गीताऐवजी तेरावे स्तोत्र ठेवले. सहाच ओव्यांचे स्तोत्र आहे. ‘कोठवर?’ हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो, आणि शेवट परमेश्वराचे गुणगान गाईन या शब्दांवर होतो. देवाला असे विचारणे हीसुद्धा उपासना आहे, आणि जो अजून पहिल्याच ओवीत आहे त्याला कोणी सहाव्या ओवीकडे ओढू नये, असे ते म्हणाले.

माझी साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सभेपुढे सांगायचे बोलणे, तीही त्या भेटीनंतर पूर्ण बदलली. पहिल्या मसुद्यात ‘आमच्या विश्वासाला देवाने उत्तर दिले’ असे वाक्य होते. ते काढले. काकूंचा विश्वास आमच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हता. दगावलेल्या माणसाचे घरचे समोर बसलेले असताना असे वाक्य बोलणे क्रूरपणा आहे, आणि ते खरेही नाही. जे झाले ते सांगायचे, ज्यांच्या हातून झाले त्यांची नावे घ्यायची, आणि देवाचे आभार मानायचे. का झाले, याचा निवाडा आपल्याकडे नाही. साक्ष लिहून काढा, मोठ्याने वाचून घड्याळ लावा, सात-आठ मिनिटांपुढे जाऊ देऊ नका. आजाराचे वर्णन एका परिच्छेदात संपवा. लोकांना ते ठाऊक असते.

परवानग्यांचे आता सलग सांगते. मैदान आमच्या लेआउटच्या गृहनिर्माण संस्थेचे आहे, म्हणून पहिले ना-हरकत पत्र संस्थेच्या सचिवांकडून. ते दोन दिवसांत मिळाले. रस्त्यावर मांडव घालणार असाल तर महापालिकेच्या झोन कार्यालयातही जावे लागते. आम्ही मांडव घातलाच नाही, नुसत्या खुर्च्या आणि दिवे. नोव्हेंबरात नागपूरच्या उघड्या आभाळाखाली बसण्यासारखे दुसरे सुख नाही. स्वेटर मात्र आणायला सांगा.

लाउडस्पीकरसाठी आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात अर्ज करावा लागतो. आम्ही 10 नोव्हेंबरला दिला. सोबत संस्थेचे पत्र, मंडळीचे पत्र, माझ्या आधारकार्डाची प्रत, साऊंडवाल्याचे नाव-पत्ता आणि हमीपत्र. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो, तेव्हा जागा ठरवण्याआधीच ते अंतर बघून घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.

परवानगीचे काम बघणाऱ्यांनी मला बसवून विचारले, सभेत कोण बोलणार, बाहेरून कोणी येणार का, धर्मप्रचाराचा कार्यक्रम आहे का. मनात धाकधूक झाली. मी सरळ सांगितले, की माझे वडील मरता मरता वाचले, आम्ही देवाचे आभार मानणार, शेजाऱ्यांची नावे घेऊन मानणार, मग सगळे जेवणार. कार्यक्रमाचा छापील क्रम दाखवला. त्यांनी पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत चाळली. नंतर फाईल साहेबांच्या सहीसाठी अडून राहिली, दोन-चार वेळा आठवण करावी लागली, आणि परवानगी 26 तारखेला हातात पडली. तीन दिवस आधी. त्या आठवड्यात मला झोप नव्हती. अर्जातच कार्यक्रमाचे स्वरूप साध्या शब्दांत लिहा आणि छापील क्रम जोडा, बरेच प्रश्न तिथेच मिटतात.

बाकी खर्च असा: साऊंड आणि दिवे 3,500 रुपये. खुर्च्या 120, प्रत्येकी 8 रुपये, म्हणजे 960. तबलजींचे मानधन 1,500. जेवण 130 जणांचे, ताटाला 110 प्रमाणे 14,300. पुस्तिका धरून 22 हजारांच्या थोडे वर. जेवण शाकाहारी ठेवले, म्हणजे कोणालाच विचारायची वेळ येऊ नये: पाटोडी रस्सा, पोळी, मसालेभात, कढी, बुंदी. काटोलच्या आत्याने आंबिया बहाराची संत्री क्रेट भरून पाठवली. कापणीच्या उपासनेला वेदीजवळ ठेवतात तशी ती आम्ही पेटीसमोर मांडली.

साडेसहाला सुरुवात केली. माईक हातात घेतल्यावर माझे तोंड कोरडे पडले होते. कोमट पाणी जवळ ठेवा, आणि पहिले गीत आपल्याला सगळ्यात सोपे जाणारे घ्या. पाळकसाहेबांनी तेरावे स्तोत्र वाचले. मैदानावर अगदी शांतता होती. मागच्या रांगेत काकू आईच्या शेजारी बसल्या होत्या. मग पदे झाली. ध्रुवपद तिसऱ्यांदा आले तेव्हा डबेवाल्या काकूंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्या त्यांच्या भजनी मंडळातल्या, ठेका त्यांच्या अंगातच आहे. लूकच्या सतराव्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट पाळकसाहेबांनी दहा मिनिटांत सांगितली. बरे दहाही झाले, परत आला तो एक, शमरोनी, परक्यातला, आणि तो मोठ्याने देवाचे गौरव करीत आला, या ‘मोठ्याने’वर ते थांबले.

त्यानंतर बाबा. 136 व्या स्तोत्राला सव्वीस ओव्या आहेत, आणि प्रत्येकीच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद येते. सूर्य, चंद्र, समुद्र, मिसरातून सुटका, राजांची नावे, सगळे एकेक करून मोजले आहे, आणि शेवटाकडे येऊन प्रत्येक प्राण्याच्या अन्नाचीही आठवण आहे. त्याच धर्तीवर बाबांनी महिनाभर बसून आमच्या घराच्या ओळी लिहिल्या होत्या. ते वाचणार आणि सगळे पालुपद म्हणणार. त्यांचा आवाज अजून पूर्वीसारखा नाही, लांब वाक्य पेलत नाही, म्हणून ओळी आखूड. थोड्या इथे देते:

पहाटे चार वाजता ज्याने गाडी काढली, त्याच्यासाठी
त्याची दया सनातन आहे.
ज्यांचे रक्त माझ्या अंगात फिरते, त्या चौघांसाठी
त्याची दया सनातन आहे.
रात्रपाळीच्या सिस्टरसाठी, जिने मला नावाने हाक मारली
त्याची दया सनातन आहे.
डब्यातल्या वरणभातासाठी, जो माझी बायको जेवली
त्याची दया सनातन आहे.
शेजारच्या खाटेवरच्या भावासाठी, जो आज तुझ्याजवळ आहे
त्याची दया सनातन आहे.

ती शेवटची ओळ मला माहीत नव्हती. छापलेल्या पुस्तिकेत ती नाही. बाबांनी माझ्याकडे न बघता ती वाचली. पालुपद आले, जरा विस्कळीत आले, पण आले. काकू म्हणाल्या नाहीत. आईने त्यांचा हात धरला होता, आणि आई म्हणत होती.

गाडीवाला मुलगा नाव ऐकताच उठून मैदानाच्या टोकाला गेला आणि जेवणाची पाने मांडायला लागला. नंतर त्याने एवढेच विचारले, की काकाजी पुढच्या वर्षीही घेणार का. माझी साक्ष सहा मिनिटांत झाली. पाळकसाहेबांनी आशीर्वचन दिले तेव्हा साडेआठ वाजले होते, आणि नऊच्या आत माईक बंद झाला. परवानगीची मूळ प्रत खिशात ठेवली होती, कोणी विचारली नाही. दानार्पण घ्यायचे नाही असे आधीच ठरवले होते, आणि ते पत्रिकेतही लिहिले होते. तरी काही जण पाकिटे देऊन गेले. ती रक्कम पाळकसाहेबांशी बोलून रुग्णालयाबाहेर मुक्कामी असलेल्या नातेवाइकांच्या जेवणासाठी दिली.

जेवण पुरले, आणि सकाळसाठी काही उरले नाही. बाबांनी ते मुद्दाम जाऊन बघितले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. जानेवारीत त्यांच्या यजमानांचा वाढदिवस आहे. त्या दिवशी घरातच छोटी सभा घ्यायची आहे, त्यांच्या सोबत मिळालेल्या वर्षांसाठी. माईक नाही, त्यामुळे पोलीस ठाण्याचे काम नाही. मंडळीला पत्र तेवढे द्यायचे, ते मी लिहून पाठवले आहे. पहिले गीत कोणते ठेवायचे ते त्या सांगणार आहेत. मामांना तारीख दिली, पट्टी अजून ठरायची आहे.